आंबेघोळची गौर

जलपर्णी हा शब्द आम्हाला प्रधान साहेबांनी शिकवला. त्याआधी आमच्या वस्तीत त्या झाडाला गौर म्हणायचे, आणि सगळी गोची त्या एका नावाने झाली. नाव दुसरं काही असतं तर आम्ही बायकांनी ती कधीच उपटून फेकली असती. पण गौर म्हटल्यावर हात कोण लावणार?

नाहूर स्टेशनावरून डोंगराकडे चालत सुटलं की रस्ता जिथे संपतो तिथे आंबेघोळचा तलाव. मोठा आहे, या काठावरून हाक मारली तर पलीकडच्या माणसाला ऐकू जात नाही. काठावर आमची वस्ती, बहुतेक मालवणकडची. पुरुष सगळे गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली, तेव्हा ज्यांच्या बापजाद्यांनी समुद्रात जाळी टाकली होती त्यांनी इथे गोड्या पाण्यात टाकायला सुरुवात केली. मच्छीमारांची सोसायटी काढली, तलावाचा ठेका मिळाला. माझा नवरा त्यातलाच. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण मग सांगायचं कसं? दत्ताराम. पाण्यात उतरला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही आणि घरात आईसमोर तोंड उघडत नाही.

त्याची आई द्रौपदी. अख्खी वस्ती तिला आये म्हणते, मीसुद्धा. सासरे गावी घर धरून बसलेत, आये इथे लेकाकडे. दत्तारामने पहाटे जाळं काढायचं, मी पाटी डोक्यावर घेऊन मुलुंडच्या बाजारात बसायचं, आयेने घर आणि माझी पोर बघायची, असं आमचं चाललेलं. मी स्वतः घाटकोपरची, चाळीत वाढलेली. लग्नाआधी मासा धुण्यापलीकडे त्याच्याशी माझा संबंध नव्हता. आता रोहू आणि कटला अंधारातसुद्धा हाताने ओळखते, आणि बाजारात माझ्याशी घासाघीस करायला भलेभले दहा वेळा विचार करतात.

तर गौर. आमच्यात मुखवटा, साडी, दागिने सगळं नंतर. आधी पाणवठ्यावर जाऊन मुळासकट तेरडा आणायचा, तीच गौर. दुसऱ्या दिवशी तिला तिखटाचा नैवेद्य, तिसऱ्या दिवशी पाण्यात पाठवणी. काठावर पूर्वी तेरडा गुडघाभर यायचा. मग वरच्या अंगाला कॉलनी झाली, तिच्या भरणीचे दगडगोटे खाली काठापर्यंत आले आणि तेरडा त्यात गाडला गेला. त्या वर्षी मी बाळंतपणाला माहेरी होते. आये मालाडला भाचीकडे गेलेली, तिथे एका डबक्यात तिला ही दिसली. जांभळी फुलं, वरच्या पाकळीवर पिवळा डोळा, पानं टवटवीत. उचलली की मुळासकट हातात येते, माती लागत नाही. आयेला वाटलं देवीनेच सोय केली. बादलीत घालून ती घेऊन आली. वस्तीने त्या वर्षी तिचीच गौर केली आणि तिसऱ्या दिवशी फुगड्या घालून तलावात सोडली.

तेरडा पाण्यात सोडला की कुजून जातो. ही गेली नाही. दिवाळीत बायकांनी पाहिलं तर कॉलनीचा नाला तलावात पडतो तिथे ही बाई हिरवीगार, फुलावर आलेली. आये म्हणाली, गौर राह्यली. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या जानकीच्या लेकीला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी त्याच साली दिवस गेले, मग तर बोलायलाच नको. बायका जाऊन तिला हळदकुंकू वाहायला लागल्या.

पुढल्या पावसाळ्यात तिने नाल्याचं सगळं तोंड धरलं. त्याच्या पुढल्या पावसाळ्यात आमच्या बाजूची अख्खी खाडण झाकली. खाडण म्हणजे तलावाचा आत घुसलेला उथळ हात, मासा अंडी घालतो ती जागा. होडी त्यात शिरेना. वल्हं घातलं की मुळांत अडकायचं, ओढून काढताना खांदा निखळायची वेळ यायची. जाळं टाकलं तर वर येताना त्यात मासा कमी आणि झाडं जास्त. दत्तारामच्या हातापायांना खाज सुटायची, रात्रभर खाजवत बसायचा. खाडणीतलं पाणी काळं झालं, वास यायला लागला, आणि डास तर असे की संध्याकाळी बोलायला तोंड उघडायची सोय नाही.

मग पहाटेचे मासे वर यायला लागले. उजाडायच्या सुमाराला झाडांच्या कडेकडेने नुसती तोंडं दिसायची, उघडझाप करणारी. हवा नाही खाली, म्हणून वर येऊन श्वास घ्यायचे. दत्ताराम म्हणाला, आता हाताने पकडता येतील. हसला, पण त्याच्या आवाजात काही दम नव्हता. एका सकाळी मोठे कटले पोट वर करून तरंगताना दिसले. ते आम्ही विकले नाहीत, पुरले. त्या दिवशी बाजारात एक बाई माझ्या पाटीला नाक लावून म्हणाली, आंबेघोळचा ना, गटारातला मासा नको. मी तिला म्हटलं, गटार कुणाचं आहे ते पण विचारा की. पण दिवसभर तिचे ते शब्द कानात राहिले, आणि खोटं कशाला बोलू, लाज वाटली.

गौरीचं विसर्जन झालं त्याच्या पुढल्याच आठवड्यात प्रधान साहेब आले. श्यामकांत प्रधान, मुलुंडला राहणारे, तलाव ज्या खात्याकडे आहे तिथले. चांगला माणूस. कॉलनीतल्या लोकांनी डासांची तक्रार केली होती म्हणून बघायला पाठवलेले. सोसायटीचा चेअरमन लवू, दत्ताराम आणि मी त्यांच्याबरोबर काठाने हिंडलो. त्यांनी एक झाड उचललं, मुळं झटकली आणि सांगितलं की याला जलपर्णी म्हणतात, गटाराचं पाणी हिला खताचं काम करतं, म्हणून नाल्याच्या तोंडाशी एवढी माजलीय. वरून हुकूम आहे, दिवाळीनंतर औषध फवारायचं. झाड मरून तळाला बसेल, कुजेल, पाण्यात आहे तीही हवा संपेल.

"म्हणजे मासे मरणार," लवू म्हणाला.

"मरतील. आणि मग तुमचा ठेका चालू ठेवता येणार नाही. मला सांगायला बरं वाटत नाही."

मी विचारलं, दिवाळीच्या आत आम्हीच काढली तर? ते म्हणाले, पाणी मोकळं दिसलं तर फवारायचं काही कारणच उरत नाही, तसं मी लिहून देईन. पण कापू नका, मुळासकट ओढा, आणि काठावर टाकू नका, एक तुकडा पाण्यात गेला तरी पुन्हा होईल. लांब, कोरड्या जागी नेऊन वाळवा.

झालं. दुसऱ्याच दिवशी पुरुष कामाला लागले. काथ्याचे दोर, बांबू, दाताळी, होड्या, ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबा. दोरीचा फास टाकायचा, झाडांचा एक तुकडा वेगळा करायचा आणि सगळ्यांनी मिळून काठाकडे ओढायचा. दुपारपर्यंत पाण्याचा एक पट्टा मोकळा झाला. आमच्या माणसांना त्या दिवशी पहिल्यांदा मी गिरणीतल्या गोष्टी सांगून हसताना ऐकलं.

तेवढ्यात आये आली. दत्तारामच्या हातात दोर, समोर फुलांचा ढीग चिखलात पडलेला. तिने पदर तोंडाला लावला.

"इसर्जन केलेली गौर पाण्यातसून ओढून काढतस?" ती म्हणाली. "हातात किडे पडतले रे तुझ्या."

दत्तारामने दोर सोडला. असा कसा सोडला म्हणून मी अजून त्याला टोमणे मारते. गिरणीच्या दारावर लाठ्या खाल्लेला माणूस, पण आयेने एक वाक्य बोलायची खोटी. तिच्यामागून जानकी आली, मग बाकीच्या. कुणी भांडलं नाही. नुसत्या काठावर येऊन उभ्या राहिल्या आणि एकेक पुरुष गुपचूप पाण्याबाहेर आला. लवूसुद्धा.

त्या दिवसापासून मी एकटीच उतरायला लागले. बाजार करून आल्यावर साडी गुडघ्यावर खोचायची आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ओढायची. चिखलात पाय रुतायचे, पोटऱ्यांना जळवा लागायच्या, त्यांच्यावर मीठ टाकून त्या काढायच्या. मुळांनी हात काळे पडले आणि बोटं सुजून बांगड्या रुतायला लागल्या. मी एका दिवसात जेवढी काढायचे तेवढी ती रात्रीत वाढत असणार. माहीत होतं मला. पण काठावर बसून बघत राहणं माझ्याच्याने होत नाही, स्वभावच तसा आहे. आये माझ्याशी बोलत नव्हती. जेवायला वाढत होती, माझ्या हाताला तेलसुद्धा गरम करून ठेवत होती, पण बोलत नव्हती. मीही बोलायला गेले नाही. दोघींचा हट्ट सारखा, मध्ये दत्ताराम भात चिवडत बसायचा.

नवरात्र संपत आलं. एका सकाळी आये पोरीला कडेवर घेऊन काठावर आली. नेमकी मासे वर यायची वेळ. पोर बोट दाखवून हसत होती, तिला वाटलं मासे खेळतायत. आये समुद्रकाठची बाई. मासा तोंड का उघडतो ते तिला शिकवावं लागत नाही. ती बराच वेळ बघत राहिली. त्या दिवशी बाजाराला दांडी मारून मी पहाटेच पाण्यात उतरले होते, तिथनंच बोलले.

"आये, तुम्ही मला घाटकोपरला घ्यायला आला होता, आठवतं? बाळंतपणानंतर मी माहेरी राहायचं म्हणत होते."

ती पोरीचा झगा सारखा करत राहिली.

"तुम्ही माझ्या आईला काय सांगितलंत? म्हणालात, माहेरपण झालं, आता पाठवा. लेक कितीही गोड असली तरी तिने माहेरात घर बांधलं तर भावंडांनी खायचं काय. माझी आई रडली, पण तुमचं खरं होतं. गौर म्हणजे माहेरवाशीणच ना? तीन दिवसांसाठी येते. ही तीन वर्षं झाली बसलीय. आता हिच्या भावंडांना श्वास घ्यायला जागा राहिली नाही. तिला राहू देणं म्हणजे पुण्य नाही आये, पाठवणी करायची राहिलीय आपली."

आयेने पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. मला वाटलं आता शिव्या बसणार.

"आमी पाण्यात सोडली," ती शेवटी म्हणाली. "पाठवणी झाली ना ती."

"पाण्यात तिचं कोण आहे?"

"मगे तिचा सासर खय?"

खरं सांगते, हा प्रश्न ती विचारेल असं मला वाटलं नव्हतं. पण देवाला काळजी. समोर डोंगर होता. वर जुनी दगडाची खाण, कित्येक वर्षं बंद पडलेली, कोरडी ठणठणीत.

"शंकर कुठे असतो?" मी म्हटलं. "डोंगरावर असतो का पाण्यात?"

आये डोंगराकडे बघायला लागली. मग पोरीला घेऊन घरी गेली. मी पुन्हा ओढायला लागले, म्हटलं गेली बाई, डोक्यात राख घालून गेली. थोड्या वेळाने मागे पाणी हलल्यासारखं झालं म्हणून वळले तर आये नऊवारीचा कासोटा घट्ट मारून पाण्यात उतरत होती. डोक्यावर टोपली, हातात हळदकुंकवाचा करंडा, कनवटीला तांदूळ. तिने एका झाडावर हळदकुंकू वाहिलं, तांदूळ टाकले, तोंडाने काहीतरी पुटपुटली. मग दोन्ही हात खाली घालून ते मुळासकट उचललं आणि डोक्यावरच्या टोपलीत ठेवलं. पाणी तिच्या तोंडावरून, छातीवरून वाहत होतं. मला रडूच आलं. मी लपवलंही नाही.

जानकी काठावर उभी राहून सगळं बघत होती. आयेने तिला फक्त एवढंच विचारलं की माहेरवाशिणीला एकटीला डोंगर चढायला लावतेस काय. दुपारपर्यंत वस्तीतल्या सगळ्या बायका पाण्यात.

मग कामाला कसा जोर आला ते काय सांगू. पुरुष फास टाकून तुकडे काठाला आणायचे, बायका टोपल्या भरायच्या आणि डोंगर चढायच्या. ओली झाडं म्हणजे निव्वळ पाण्याचं वजन. मानेतून कळ यायची, वाटेवर चिखल झाला तिथे पाय घसरायचा, एक बाई टोपलीसकट खाली आली आणि गुडघा फोडून घेतला. पण पाठवणी म्हटल्यावर गाणी आली, थट्टा आली. सासू कशी आहे गं, नवरा भस्म लावतो म्हणे, तुझे चोचले तिथे चालायचे नाहीत. आये सगळ्यांच्या पुढे. खाणीत टोपली उपडी केली की हात जोडायची आणि म्हणायची, ऱ्हव आता सुखान. उन्हाने ढीग वाळून तपकिरी होत गेले. त्याचं खत पुढे बायकांनी भाजीच्या वाफ्यांना घातलं, पण ते नंतरचं.

दत्तारामने नाल्याच्या तोंडाशी बांबू आडवे बांधून, खाली जुनं जाळं सोडून एक अडसर केला, म्हणजे वरनं काही वाहत आलं तर तिथेच अडेल. बांबू बांधताना माझ्याकडे न बघता म्हणाला की आयेसमोर असं बोलायचं मला जन्मात सुचलं नसतं. मी म्हटलं, तुम्हाला आयेसमोर काहीच सुचत नाही. हसला. बऱ्याच दिवसांनी दम असलेलं हसला.

दिवाळीच्या तोंडावर प्रधान साहेब आले. खाडणीत ऊन पडलं होतं, पाण्याला लाटा होत्या. साहेब होडीत बसून सगळीकडे हिंडले, दोन ठिकाणी हात घालून पाणी पाहिलं. फवारणी रद्द, असं लिहितो म्हणाले. लवूने त्यांना तिथेच मिठी मारली, साहेबांचा चष्मा पाण्यात पडता पडता वाचला. पण जाताना त्यांनी आम्हाला नाल्यापाशी थांबवलं. म्हणाले, हे घाण पाणी येतंय तोवर ती परत येणार. कॉलनीने टाकी बांधून मैला अडवायला पाहिजे, मी नोटिसा देऊन दमलो. पुढच्या वर्षी असंच झालं तर मला पुन्हा यावं लागेल, आणि तेव्हा माझ्या हातात काही नसेल.

एवढी हाडं मोडून केलेलं काम, आणि ते टिकणार की नाही हे ठरवणार वरच्या मजल्यांवरचे लोक, ज्यांनी तलाव फक्त गॅलरीतून पाहिला. माझं तर डोकंच फिरलं. मी म्हटलं चला सगळे, मोर्चा काढू, दगड मारू. दत्तारामच्या अडसरामागे, बांबूला लागून एक झाड तरंगत होतं. वरनं आलेलं. फुलावर होतं. आयेने ते उचललं, धुतलं, टोपलीत ठेवलं, आणि डोंगराची वाट सोडून कॉलनीच्या वाटेने चालायला लागली. आम्ही बायका मागोमाग, अंगावरच्या ओल्या साड्यांनी.

ज्यांनी तक्रार लिहिली होती त्या सुहासिनी देशपांडे बाई तळमजल्यावर राहायच्या. दार उघडलं, आम्हाला बघून जरा दचकल्याच. शिकलेली, शांत बाई. काय पाहिजे म्हणाल्या. आयेने सांगितलं की ओटी भरायला आलोय, गौरीची.

ओटी नको असं कुठली सवाष्ण म्हणते? बाईंचा हात सवयीनेच पदराकडे गेला आणि त्यांनी पदर पसरला. आयेने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, पदरात तांदूळ घातले, आणि त्यावर ते झाड ठेवलं, मुळासकट, गळत. बाईंच्या साडीवर काळं पाणी पसरलं. वास आला. तरी त्यांनी पदर सोडला नाही, ओटी सांडू देत नाहीत ना.

"ही आमची न्हय बाय," आये म्हणाली. "आमची आमी डोंगरावर धाडली. ही तुमची लेक. तुमच्या गटाराच्या पाण्यार वाढलेली. आता हिची पाठवणी तुमीच करूची."

बाई एकदा झाडाकडे बघत होत्या, एकदा आमच्या हातांकडे. काळी पडलेली, फुटलेली बोटं. आतून त्यांच्या मिस्टरांचा आवाज आला, कोण आहे, काय पाहिजे त्यांना.

"कुठं न्यायचं हिला?" त्यांनी आयेला विचारलं.

आयेने हात लांब करून खाण दाखवली. बाईंनी पायात चपला घातल्या, पदर दोन्ही हातांनी तसाच धरला आणि घराबाहेर पडल्या. कॉलनीतल्या गॅलऱ्यांमधून माणसं बघायला लागली, कुणी हाक मारून विचारलंसुद्धा, अहो देशपांडे वहिनी, हे काय? त्या म्हणाल्या, आपल्या नाल्यातलं आहे, तुम्हीही या. आणि डोंगराच्या वाटेला लागल्या. चढणीवर त्यांना दम लागला तेव्हा जानकीने त्यांचा कोपर धरला.